मोठ्या बाई नसताना

सामानाच्या खोलीत ती डिंकाच्या बाटलीचं झाकण शोधायला गेली होती. झाकण शोधणं हे काही बालवाडीच्या मोठ्या बाईंचं काम नव्हे, पण ऑफिसात बसून बसून पाठ आखडली की ती असं एखादं काम उकरून काढायची. त्या खोलीला मागच्या अंगणाकडे उघडणारी एक बुटकी खिडकी होती आणि खिडकीखाली, घसरगुंडीच्या सावलीत, मधल्या वर्गातली मुलं शाळा-शाळा खेळत होती. चष्मेवाली ताई झाली होती. तिच्या कडेवर कापडाचा हत्ती होता आणि तो रडत होता, म्हणजे त्याच्या वतीनं शेजारचा एक मुलगा भोकाड पसरत होता. चष्मेवाली हत्तीला थोपटत होती, "काय झालं? काय झालं माझ्या सोन्याला?" एवढ्यात घसरगुंडीमागून दोन वेण्यांची मुलगी आली. हात पाठीमागे बांधलेले, चवड्यांवर उभं राहून उंच झालेली. ती आली तशी सगळी मुलं ताठ बसली. ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. मग पुढं होऊन म्हणाली, "आण इकडे." चष्मेवालीच्या कडेवरचा हत्ती तिनं काढून घेतला, खांद्याला लावला, "झालं, झालं," असं म्हणून हलकेच थोपटला. रडणारा मुलगा ताबडतोब गप्प झाला. मग हत्ती परत देऊन, हात पुन्हा मागे बांधून, ती चवड्यांवर निघून गेली. चष्मेवाली क्षणभर तशीच उभी राहिली. मग बाकीच्यांना म्हणाली, "गेल्या. खेळा आता."

तिला आधी हसू आलं. मुलांच्या नकला तिला नव्या नव्हत्या. तिनं स्वतः वर्ग घेतला त्या सगळ्या वर्षांत मुलांनी डॉक्टर, वाहक, पोलीस, आत्या, मेलेलं मांजर, सगळी सोंगं तिच्यासमोर आणली होती, आणि या वयाच्या मुलांना अतिशयोक्ती जमत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मोठी माणसं नकलेत मीठमसाला घालतात. ही मुलं जे बघतात तेवढंच करतात. आणि मग हसू मावळलं. आपण चवड्यांवर चालतो का? नाही, ती बिचारी उंच दिसायला बघत होती. हात मागे बांधतो? असेल. "आण इकडे" म्हणतो? हे तिला आठवेना. तिनं हात पुढं करून बघितले, डिंकाचा एक पापुद्रा बोटाला चिकटला होता. हे हात काही साधे नव्हेत. या हातांची ख्याती होती. 'तुमच्याकडे गेलं की मूल रडायचं थांबतं,' असं पालक म्हणायचे, आणि ती वरवर 'छे हो' म्हणत ते कौतुक घरापर्यंत नीट जपून न्यायची. हत्ती परत दिला तेव्हा चष्मेवालीनं त्याला कडेवर घेतलं नव्हतं. एका पायाला धरून लोंबता ठेवला होता. हे तिला आत्ता, खिडकीतून मागे वळताना लक्षात आलं.

या हातांमुळेच ती मोठ्या बाई झाली होती, हा त्यातला विनोद. बढती म्हणजे काय, तर ज्या कामासाठी पाठ थोपटली तेच काम काढून घेऊन भलतंच हाती देणं. वर्ग गेला आणि त्याच्या जागी पाण्याच्या टाकीची सफाई आली, रजेचे अर्ज आले, कुणाच्या जागी कोण उभं राहणार याची रोजची जुळवाजुळव आली, फाटकाचं कुरकुरणारं बिजागर आलं. आणि ताया आल्या. मुलांना कसं शिकवायचं हे तिला ठाऊक होतं. शिकवणाऱ्यांना कसं शिकवायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. संस्थेच्या प्रशिक्षणात एक बाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, देखरेख करणाऱ्यानं कोपऱ्यात बसावं, बघावं, हात घालू नये. तिनं मान डोलावली होती, सगळ्यांनी डोलावली होती. आणि आता संस्थेच्या सेक्रेटरींना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं: मधल्या वर्गाच्या ताईला कायम करायचं की निरोप द्यायचा. त्या ताईला सगळे 'नवी' म्हणत. येऊन वर्ष होत आलं, तिच्यानंतर आणखी एक जण येऊन सोडूनही गेली, तरी नवी ती नवीच राहिली. दुकानातली हिशेबाची बरी नोकरी सोडून, घरच्यांचं 'पोरं सांभाळायला शिकायला कशाला लागतं गं' ऐकून घेऊन, अभ्यासक्रम पुरा करून ती इथं आली होती. इथून गेली तर पुन्हा त्याच काउंटरवर, आणि घरचे म्हणायला मोकळे. सेक्रेटरींनी मागच्या आठवड्यात विचारलं तेव्हा मोठ्या बाई म्हणून तिनं सांगितलं होतं, "मुलगी चांगली आहे, पण मूल रडायला लागलं की थिजते. हात चालत नाहीत तिचे." ते खरंच होतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, दर वेळी. दर वेळी नवी मूल घेऊन उभी, चेहरा पडलेला, आणि दर वेळी मग... पुढचं तिला आत्ताच खिडकीतून दिसलं होतं.

मग नवी करते काय? म्हणजे मूल रडतं, आणि आपण नसतो, तेव्हा? हा प्रश्न तिला चावला आणि मग सोडेना. त्यात अपराधाची टोचणी होती, नाही असं नाही, पण त्याहून जास्त होतं ते निव्वळ कुतूहल, वर्गात असताना असायचं तसं. एखादं मूल दिवसभर एकाच भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतत बसलं की तिला असंच व्हायचं, काय चाललंय याच्या डोक्यात? तिनं चोरून बघायचा प्रयत्न केला. वर्गाच्या दाराला काचेची एक पट्टी होती. तिथं ती तिरकी उभी राहिली. आतून एका मुलानं तिच्याकडे बघून हात हलवला, मग दुसऱ्यानं, आणि नवीनं चमकून मागे बघितलं. मग तिनं मावशींना गाठलं. मावशी पेले विसळत होत्या. "मावशी, मी वर्गात आले की काय होतं हो?" मावशींनी पेला पालथा घातला. "काय होणार? मोठ्या बाई येतात." "तसं नव्हे. मुलं, ताई, काही बदलतं का?" "नाही हो! काय बदलायचंय? उलट छान वाटतं सगळ्यांना." आणि मावशी आधीच विसळलेला पेला पुन्हा विसळू लागल्या. मोठं झालं की खरं बोलणारी माणसं कमी होतात, असं ऐकलं होतं; इतकी पटकन होतात हे ठाऊक नव्हतं. परवापर्यंत याच मावशी तिला, 'तुमचा वर्गातला राग मला नका दाखवू,' असं तोंडावर सुनवायच्या.

नवरा गाडी शिकवायचा. त्याच्या पायाखालीही एक ब्रेक असायचा, शिकणाऱ्याच्या ब्रेकहून वेगळा. जेवताना तिनं त्याला हत्तीची गोष्ट सांगितली तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "अगं, हे तर माझंच दुखणं," तो म्हणाला. "परवा त्या कंपाउंडरला शिकवत होतो. वळणावर मी ब्रेक दाबला, आणि त्याला वाटलं त्यानंच दाबला. खूश! म्हणाला, बघा सर, जमायला लागलं." "मग तू काय केलंस?" "काय करणार? म्हटलं, वा. पुढच्या वळणावर पुन्हा मीच दाबला." "अरे, मग तो शिकणार कधी?" "न शिकला तर ठोकणार, आणि गाडी माझी आहे," तो म्हणाला आणि पाणी प्यायला. दुसऱ्याच्या गाडीत बसला तरी त्याचा उजवा पाय जमिनीत रुतायचा हे तिला माहीत होतं; भावाच्या गाडीतून येताना सबंध रस्ताभर तो पायानं गाडी थांबवत आला होता. जित्याची खोड. पण गाडी ठोकली तर पत्रा वाकतो. तिच्याकडे मुलं होती, म्हणजे तिची चिंता जास्त रास्त होती, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. पण रडणं म्हणजे काही ठोकर नव्हे. रडण्यानं कुठलंही मूल मोडत नाही, हे तीच पालकांना सांगत आली होती, दर वर्षी, शाळेच्या पहिल्या आठवड्यात, फाटकात उभी राहून. मग आपल्याला ते का सोसत नाही? मुलाचं रडणं सोसत नाही, की ते दुसऱ्याच्या हातात थांबेल हे?

हा प्रश्न तिला आवडला नाही, म्हणून तिनं भांडी घासायला घेतली. आणि नळाच्या आवाजात तिला वडील आठवले. वडील कापडाच्या कारखान्यात तपासनीस होते. ताग्यावरून हात फिरवून कुठं दोरा सुटला ते सांगायचे. संध्याकाळी जिन्यावर त्यांचं खाकरणं ऐकू आलं की घर कूस बदलायचं. भाऊ रेडिओ बंद करायचा, पत्ते गादीखाली जायचे, आई हसता हसता थांबून पदर सारखा करायची, आणि ती स्वतः पुस्तक उघडायची, कुठलंही, कधी कधी उलटं. वडील मारकुटे नव्हते. रागीटही नव्हते फारसे. ते नुसते यायचे. आणि एकदा, ती दहा-बारा वर्षांची असेल, चपला काढता काढता त्यांनी तिला विचारलं होतं, "काय गं, मी नसताना तुम्ही काय करता?" तिला वाटलं, कुणी सांगितलं पत्त्यांचं? ती म्हणाली, "काही नाही." ते "हं" म्हणाले आणि पाय धुवायला गेले. इतकी वर्षं ती त्या प्रश्नाला चौकशी समजत आली होती. आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की त्यांना खरंच जाणून घ्यायचं असेल तर? ज्या घरासाठी माणूस दिवसभर राबला ते घर त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आई कशी हसते, भाऊ आत्याची नक्कल कशी करतो, सगळं त्यांची पावलं जिन्याच्या वरच्या पायरीवर येईपर्यंतच चालायचं. वडील जाऊन फार वर्षं झाली होती. तिला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की हातातला डबा तिनं तसाच साबणासकट ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी ती मधल्या वर्गात गेली आणि दाराजवळच्या चपलांच्या फळीपाशी जमिनीवर बसली. नवी लगेच उठली. "बाई, काही चुकलं का?" "नाही गं. मी आज काही करणार नाही. नुसती बसणार आहे." यानं नवी आणखी घाबरली, ते दिसत होतं. ती मुलांना गरजेपेक्षा मोठ्यानं आणि गरजेपेक्षा गोड आवाजात रंगाच्या वाट्या दाखवू लागली, 'हा कुठला रंग बरं? सांगा बरं?' आणि मुलांनाही तिच्यासाठी वाईट वाटून त्यांनी एका सुरात 'पिवळाऽ' म्हणून दिलं. हा देखावा तिनं आधीही बघितला होता. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण शीत जर आपल्याला बघूनच कडक होत असेल तर परीक्षा कसली घेणार? ती बसून राहिली. पायाला मुंग्या आल्या.

तेवढ्यात पिटुकलीची आई तिला सोडून गेली. पिटुकली वर्गात सगळ्यांत लहान, आणि तिचं रडणं तिच्या आकाराला न शोभणारं. नवीनं तिला उचललं. एकदा थोपटलं.  पिटुकलीला घेऊन नवी सरळ फळीपाशी आली, वाकली, आणि रडणारं मूल दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. "घ्या बाई." त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. वर्षभर जसं चाललं होतं तसं, टपालवाल्याच्या हातात पाकीट द्यावं इतक्या सहज. कुणीही न मागता. म्हणजे 'आण इकडे' म्हणायचीही आता गरज उरली नव्हती.

तिचे हात आपोआप उठले. ते तिनं मांडीखाली घेतले, खरोखरच त्यांच्यावर बसली, एखाद्या नाठाळ पोरासारखी. "मला नको," ती म्हणाली. आवाज जरा तुटक आला, म्हणून पुन्हा म्हणाली, "मला देऊ नकोस गं. मला बघायचंय." "काय बघायचंय?" नवीनं विचारलं, आणि हा तिचा खरा आवाज होता, खालचा आणि थोडा घोगरा. "तू काय करतेस ते." नवी मूल घेऊन तशीच उभी राहिली. पिटुकली रडत होती. सबंध वर्ग बघत होता. बाहेर मावशींच्या झाडूचा आवाज थांबला. तिच्या हाताखाली फरशी गार होती आणि बोटं शिवशिवत होती. चिमणी दाखव, ती मनातल्या मनात ओरडत होती, अगं चिमणी दाखव, नाहीतर गाणं म्हण, नाहीतर नाकाला नाक लाव. नवीनं यातलं काही केलं नाही. तिनं पिटुकलीला खिडकीशी नेलं आणि विचारलं, "आई कुठून गेली?"

पिटुकली आणखी जोरात रडली. असं का विचारतं कुणी? हे तर जखमेवर मीठ. "कुठून गेली? मला दिसली नाही," नवी म्हणाली. रडता रडता पिटुकलीनं बोट दाखवलं. "तिकडनं." "त्या निळ्या दारापाशी?" "नाही! पुढे!" "मग?" "मग वळली." "कुठल्या हाताला?" पिटुकलीनं आपले दोन्ही हात बघितले, आणि एक वर केला. चष्मेवाली उठून खिडकीशी गेली. "माझी आई पण तिकडेच वळते. तिकडे बस येते." "माझी नाही वळत," वेणीवाली म्हणाली, "माझी सरळ जाते, तिथं मोठं मशीन आहे." मग सगळाच वर्ग खिडकीशी. कुणाची आई कुठं वळते, कुणाचे बाबा कुठं नाहीसे होतात, कोण परत येताना कुठून येतं. पिटुकली मधूनमधून हुंदके देत होती, पण आता ते बोलण्यात येत होते, स्वल्पविरामासारखे. रडणं थांबायला फार वेळ लागला. मोठ्या बाईंच्या हातात असतं तर केव्हाच थांबलं असतं. पण इतक्या वर्षांत, इतकी रडणारी मुलं खांद्याला लावून, आई कुठून गेली हे तिनं एकाही मुलाला विचारलं नव्हतं. बरोबर होतं का हे? तिला सांगता येईना. तिला फक्त पुढं काय होतंय ते ऐकायचं होतं. ते मोठं मशीन कसलं, हे तर तिला फारच विचारावंसं वाटत होतं, आणि न विचारता बसणं मूल न उचलण्याइतकंच जड गेलं.

एवढ्यात मागे रंगाचे ब्रश वाळत चालले होते, आणि खिडकीत रस नसलेल्या दोघांनी पिवळ्या वाटीत हात बुडवून भिंतीवर उमटवायला सुरुवात केली होती. तिला दिसत होतं. नवीला दिसत नव्हतं. ती गप्प राहिली, दात आवळून. नवी वळली तेव्हा अर्धी भिंत झाली होती. "अरे देवा!" नवी म्हणाली, आणि हसली. मोठ्यानं, तोंडावर हात न घेता. ती हसताना तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो, हे वर्षभरात पहिल्यांदा दिसलं. नवीनं फडकी आणली, दोघांना दोन दिली, आणि मग सगळेच भिंत पुसायला लागले, म्हणजे रंग आणखी पसरायला लागला. कुणीतरी चपलांच्या फळीवरून काहीतरी घ्यायला आलं आणि तिच्या पसरलेल्या पायावरून, खाली न बघता, पलीकडे गेलं. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. तिला थोडं वाईट वाटलं, आणि त्याहून पुष्कळ जास्त मजा वाटली.

दुपारी सेक्रेटरींचा फोन आला. "ठेवू या तिला," ती म्हणाली. "पण तुम्हीच म्हणाला होतात की थिजते." "थिजायची. मी असले की." "म्हणजे काय?" "म्हणजे मी मुलं तिच्या हातातून काढून घेत होते." सेक्रेटरी आयुष्यभर इंजिनिअर म्हणून पूल बांधत आले होते, कुणी असं काही सांगितलं की कुठल्या खात्यात टाकायचं हे त्यांना कळायचं नाही. "बरं," ते शेवटी म्हणाले, "आणि भिंतीचं काय ऐकतोय मी?" "रंगवून घेऊ," ती म्हणाली. मावशींनी तेवढं मात्र तत्परतेनं कळवलं होतं.

मुलं गेल्यावर नवी ब्रश धूत होती. "तुला कायम केलंय," तिनं दारातून सांगितलं. नवी रडेल, वाकून नमस्कार करेल, निदान हसेल तरी, असं तिला वाटलं होतं. नवीनं ब्रश झटकले. "बाई, एक बोलू? रागावणार नाही ना?" "बोल." "तुम्ही येत जा वर्गात. मला बरं वाटेल, खरंच. पण..." नवीनं पुन्हा ब्रश झटकले, त्यात आता पाणी उरलं नव्हतं. "पण दार वाजवून या." तिला राग आला. अगदी आधी रागच आला. ही आमची शाळा, हा माझा वर्ग होता, तू अजून इथं नवी, आणि मी दार वाजवू? तो राग तोंडापर्यंत आला आणि तिनं तो गिळला, त्याची चव कडू होती. "बघते," असं म्हणून ती ऑफिसात गेली.

सोमवारी ती मधल्या वर्गाच्या दाराशी उभी राहिली. इतक्या वर्षांत या दारावर टकटक केलेली नव्हती, कुठं करायची हेही कळेना. मग काचेच्या पट्टीकडे न बघता, लाकडावर केली. आत गलका होता, तो किंचित खाली आला. "कोण आहे?" कुण्या लहानग्यानं विचारलं. "मी." "मी कोण?" "मोठ्या बाई." आत कुजबुज झाली. काहीतरी सरकल्याचा आवाज आला, कुणी तरी 'पडेल, पडेल' म्हणालं, नवी घोगऱ्या आवाजात काहीतरी सांगत होती ते ऐकू आलं नाही. मग पिटुकलीचा आवाज, दाराच्या अगदी जवळून.

"थांबा. आत्ता नाही."

कडीवर ठेवलेला हात तिनं काढून घेतला आणि दाराला कान लावून थांबली.